बी.एड.

माध्यमिक शाळेत शिकवण्यासाठी लागणारी विद्यापीठाची व्यावसायिक पदवी. पूर्वी तिला ‘बी.टी.’ म्हणत. मुंबईचे सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज हे या परंपरेतले जुने महाविद्यालय. ते १९०६ साली सुरू झाले. महाराष्ट्रात प्रवेशासाठी कोणत्याही मान्य शाखेची पदवी साधारणतः किमान ५० टक्के गुणांनी उत्तीर्ण असावी लागते आणि सीईटी (सामायिक प्रवेश परीक्षा) द्यावी लागते. एका वर्षाचा हा अभ्यासक्रम राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी दोन वर्षांचा केला. २०२० च्या शैक्षणिक धोरणाचा रोख बारावीनंतरच्या चार वर्षांच्या एकात्मिक पदवीकडे आहे.

मानसशास्त्र, मूल्यमापन, समावेशक शिक्षण हे विषय लेखी असतात. पदवीचा जीव मात्र पाठांत आहे. सुरुवात सूक्ष्म अध्यापनाने होते. सहाध्यायीच विद्यार्थी बनून समोर बसतात. एका वेळी एकच कौशल्य घ्यायचे : प्रश्न विचारणे, फलकलेखन, प्रबलन. सहा मिनिटे शिकवायचे, सहा मिनिटे प्रत्याभरण ऐकायचे, बारा मिनिटांत पाठ नव्याने बांधायचा आणि पुन्हा शिकवायचा. हे कृत्रिम वाटते खरे. पण खडू हातात आला की आपली पाठ वर्गाकडे किती वेळ राहते, हे इथेच पहिल्यांदा कळते.

मग शाळेतले सराव पाठ. पाठ टाचणात शिक्षककृती आणि विद्यार्थिकृतीचे रकाने आखलेले, मागच्या बाकावर निरीक्षक. ‘आज आपण अपूर्णांक शिकू’ असे थेट म्हणायचे नसते. पूर्वज्ञानावर प्रश्न विचारत मुलांना तिथवर आणायचे, मग हेतुकथन, म्हणजे आज काय शिकायचे ते सांगणे. ‘पाव म्हणजे काय?’ या प्रश्नाला पाचवीतला मुलगा ‘वडापावातला’ म्हणतो, तेव्हा टाचणात त्याची सोय नसते. तोच वडापाव फळ्यावर काढून चौघांत वाटायला लावणारा छात्राध्यापक खरा शिकवू लागलेला असतो.

छात्रसेवाकाल एकूण वीस आठवड्यांचा. त्यातले सोळा दुसऱ्या वर्षी. परिपाठ, बदली तास, उत्तरपत्रिका, पालकसभा हे सगळे त्यात येते. काही ठिकाणी हा काळ वह्या भरण्यातच जातो. त्यात नुकसान होते ते पुढच्या वर्गांचे.

पदवी मिळाली म्हणजे नेमणूक मिळाली असे नाही. सहावी ते आठवीसाठी टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), भरतीसाठी अभियोग्यता चाचणी आणि शासनाचे ‘पवित्र’ पोर्टल, मग तीन वर्षे मानधनावर शिक्षणसेवक. माध्यमिक शिक्षणसेवकाचे मानधन बराच काळ दरमहा ८,००० रुपये होते. २०२३ पासून ते १८,००० झाले.