नानीची अडगळ

आमच्या थोरल्या चुलतीला सगळा वाडा नानी म्हणायचा. 2017 च्या पावसात तिच्या घराची परसाकडची भिंत ढासळली. माणसाला काही झालं नाही, पण चार खणांचं ते मातीचं घर आता राहण्याजोगं राहिलं नव्हतं. नाना जाऊन तीस वर्षं होत आलेली. एकच लेक, ती राजगुरुनगरला दिलेली. म्हणजे नानीला बघायचं ते आम्हा पुतण्यांनीच. सिमेंटच्या नव्या घरात तिच्यासाठी एक खोली ठेवली होती. जुनं घर पाडून तिथं भाड्याच्या खोल्या काढायच्या, असंही घरात ठरत आलं होतं. चाकणची एमआयडीसी वाढली तशी कुरुळीत हे घरोघरी झालं. कंपन्यांतली पोरं खोली शोधत दारात येतात. कांद्याच्या वखारीपेक्षा खोलीचं भाडं बरं, हा हिशेब आम्हालाही कळला होता.

अडचण एकच होती. घर सामानानं गच्च भरलेलं होतं.

माळ्यावर मोटेचा नाडा, पाभरीचं चाडं, जू, शिवळा, मोडका कंदील, रॉकेलचे डबे. माजघरात मडक्यांची उतरंड, तिच्यामागं पितळेचे डबे, त्यामागं युरियाच्या धुतलेल्या गोण्यांची चळत. तारेला टोचलेल्या पंचवीस-तीस वर्षांच्या लग्नपत्रिका. अलीकडची भर निराळीच होती. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, शंभर-शंभरचे गठ्ठे बांधलेले. औषधांच्या रिकाम्या पट्ट्या. बाटल्या. नानीला झोपायला चुलीपुढं चार हात जागा उरली होती.

"नानी, हे काढून टाकू या," म्हटलं की ती म्हणायची, "असू दे रं. लागंल कवा तरी."

तेव्हा मी या बोलण्यावर चिडायचो. आज वाटतं, या तीन शब्दांत आमच्या भागाचा शंभर वर्षांचा इतिहास आहे.

माझी आजी तिच्या आईकडून ऐकलेल्या छप्पनच्या दुष्काळाच्या गोष्टी सांगायची. छप्पन म्हणजे संवत 1956, इंग्रजी 1899-1900. त्याच्या आधी 1896-97 चा दुष्काळ, आणि त्यातच पुण्यात प्लेग. ज्याच्या घरात दाणा तो जगला, हे त्या पिढीनं डोळ्यांनी पाहिलं. म्हणून आमच्याकडं घर बांधायचं ते आधी दाण्यासाठी आणि मग माणसासाठी. भिंतीला लागून बळद. कोपऱ्यात शेणामातीनं लिंपलेली कणगी. कुठं जमिनीत पेव. उतरंडीत खालच्या मोठ्या मडक्यात कडधान्य, वर वर बी-बियाणं, अगदी वरच्या बोळक्यात हळद-मीठ नाहीतर चार नाणी. गावातलं दुकान म्हणजे फार तर गूळ-तेल. बाकी सगळं घरातच साठवायचं. साठवणारी बाई शहाणी, आणि जिची कणगी पावसाळ्यात रिकामी ती उधळी.

नानी लग्न होऊन आली ती 1950 च्या सुमारास. तिला पहिल्यांदा टंचाई शिकवली रेशननं, आणि नंतर 1972 च्या दुष्काळानं. तो मला पक्का आठवतो, तेव्हा मी शाळेत होतो. विहिरी तळाला गेल्या. मोठी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, सुकडी मिळायची. रेशनला अमेरिकेची लाल मिलो आली होती. तिची भाकरी थापताना फाटायची, खाताना घशात अडकायची. त्या कामांतूनच पुढं रोजगार हमी उभी राहिली आणि 1977 साली तिचा कायदा झाला. पण नानीच्या ध्यानात कायदा राहिला नाही. मिलो ज्या बारदानातून आली ते बारदान मात्र राहिलं. ते तिनं उसवून, धुऊन, पोरांच्या अंथरुणाखाली घातलं. 2017 साली ते माळ्यावर होतंच.

तरी साठवणाऱ्या त्या जगात काढून टाकायची रीतही होती. घट बसायच्या आधी घरातली चिंधी न् चिंधी ओढ्यावर जायची, भिंती पोताऱ्यानं सारवायच्या. लक्ष्मीपूजनाच्या रात्री केर काढून, सूप वाजवत अलक्ष्मी दाराबाहेर घालवायची. जुनेर बोहारणीला देऊन पातेलं घ्यायचं. त्याहून फाटकं असेल त्याची वाकळ शिवायची. वाकळ फाटली की बैलाच्या पाठीवर. मडकं फुटलं तर खापरी कोंबडीला पाणी प्यायला. लाकूड मोडलं तर चुलीत. वस्तू एक एक पायरी उतरत शेवटी मातीला मिळायची. घर भरायचं, पण तुंबायचं नाही.

मग पायऱ्याच मोडल्या. वीज आली, मोट गेली, नाडा माळ्यावर चढला. ट्रॅक्टर आला, पाभर चढली. गॅस आला, मोडकं लाकूड जाळायची सोय गेली. आणि प्लास्टिक आलं, जे कुजतही नाही आणि कशात मुरतही नाही. नानीची टाकायची रीत मातीच्या, लाकडाच्या, कापडाच्या वस्तूंसाठी होती. दुधाच्या पिशवीची पुढची पायरी कोणती, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं पिशवी धुतली आणि ठेवली. घरात माणसं कमी होत गेली तशी वस्तू वाढत गेल्या.

हे सगळं मला नंतर सुचलं. आधी मी काय केलं ते सांगतो.

त्या वर्षी कार्तिकीला नानी आळंदीला गेली आणि पाहुण्यांकडं चार दिवस राहिली. आम्ही भावाभावांनी विचार केला, म्हातारी समोर नाही तोवर उरकून टाकू. दोन दिवसांत ट्रॅक्टरच्या तीन ट्रॉल्या भरल्या. लोखंड, पत्रा, पितळ भंगारवाल्याला. तेव्हा आमच्याकडचं भंगार बहुतेक मोशीकडनं कुदळवाडी-चिखलीच्या गोदामांत जायचं, तिथंच गेलं असणार. बाकीचं रानात पेटवलं. उतरंड काढताना दोन मडकी फुटली. घर सारवून, तुळशीपुढं रांगोळी काढून ठेवली. वाटलं, म्हातारी बघून खूश होईल.

ती आली, उंबऱ्यात उभी राहिली. आत गेलीच नाही. जोत्यावर बसली आणि विचारलं, "डालड्याचा डबा कुठाय?"

त्या डब्यात नानांचे कागद होते. आमच्या चुलत्यानं जी जमीन कुळ म्हणून कसली, ती कूळकायद्यानं त्याची झाली. कायदा 1948 चा, आणि 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन. त्या दिवशी कसणारा मालक मानला गेला, पण किंमत भरायची होती. 32 ग खाली किंमत ठरली, नानांनी हप्ते फेडले आणि 32 म चं प्रमाणपत्र मिळालं. ते प्रमाणपत्र, हप्त्यांच्या पावत्या, जुने सातबारे, सगळं त्या डब्यात. जमिनीला मातीचा भाव होता तेव्हा त्या कागदाला कोण विचारत होतं? पण आता चाकण पट्ट्यात एका गुंठ्यावरनं भाऊ भावाला कोर्टात ओढतो. 2014 साली कायदा बदलला. 32 म ला दहा वर्षं उलटून गेली असतील तर नजराणा भरून ती जमीन परवानगीशिवाय विकता येऊ लागली. म्हणजे त्या प्रमाणपत्रावरची तारीख हीच सोन्याची झाली होती. ते आम्ही डालड्याचा डबा म्हणून भंगारात घातलं होतं. बाहेरनं गंजलेला होता, आत कुणी बघितलं नाही.

भंगारवाल्याकडं धावलो. माल पुढं गेला होता. मग कचेरीत अर्ज, जुन्या नोंदींचा शोध, फेरफार काढणं, हेलपाटे. बऱ्याच महिन्यांनी नक्कल हातात पडली. ती घेऊन नानीकडं गेलो तर तिनं ती चाचपून बघितली आणि म्हणाली, "हितं ह्यांचा अंगठा न्हाई."

कागदाची नक्कल मिळाली. नानीचा आमच्यावरचा भरवसा मात्र लवकर परत आला नाही. ती माझ्याशी जवळजवळ वर्षभर कामापुरतंच बोलली. आणि नव्या खोलीत पुन्हा पिशव्या साठायला लागल्या, आधीपेक्षा जास्त. आता ती पलंगाखाली, उशीखाली लपवून ठेवायची.

भाची नर्स आहे. तिनं मला समजावलं. म्हणाली, मामा, साठवणं आणि साठवण्याचा आजार यात फरक आहे. झोपायला, स्वयंपाकाला जागा उरत नाही, काहीही टाकायचं म्हटलं की जीव कासावीस होतो, तेव्हा ती नुसती सवय नसते. 2013 साली अमेरिकेतल्या मनोविकार तज्ज्ञांनी हा वेगळा आजार म्हणून नोंदवला. वय वाढेल तसा तो वाढतो, आणि मागं न विचारता घर रिकामं केलं तर माणूस आणखी घट्ट धरतो. तिनंच न्यूयॉर्कच्या कॉलियर भावांची गोष्ट सांगितली. 1947 साली दोघे भाऊ आपल्याच घरात, साठवलेल्या सामानात मेलेले सापडले. एक ढिगाखाली दबून, आणि दुसरा आंधळा, त्याला खायला देणारा कुणी उरला नाही म्हणून. त्या घरातनं शंभर टनांच्या वर सामान निघालं. म्हणजे आमच्या ट्रॉलीच्या पंचवीस-तीस खेपा. आमच्या नानीचं तसं नव्हतं, पण त्या रस्त्याला लागल्यासारखं होतं, आणि त्या रस्त्यावर तिला थोडंफार आम्हीच ढकललं होतं.

दुसऱ्या वेळेला आम्ही तिच्या चालीनं गेलो. जुन्या घरात अजून माळ्याचा अर्धा भाग तसाच होता. रोज दुपारी तासभर मी आणि नानी. एका दिवशी एकच कोपरा. मी वस्तू खाली काढायचो, ती हातात घेऊन सांगायची. ही कुणाची, कवाची, कशाला आणली. पहिले आठ दिवस एकही वस्तू घराबाहेर गेली नाही, नुसत्या गोष्टीच बाहेर आल्या. नवव्या दिवशी ती आपणहून म्हणाली, "ही चिमणी दे टाकून. हिच्या वातीनं माझी दोनदा बोटं भाजल्यात."

मग ढीग ठरले. एक नानीचा, त्याला हात लावायचा नाही. एक द्यायचा, आणि कुणाला ते नानीनं ठरवायचं. एक टाकायचा. कागद दिसला की तो वाचूनच पुढं जायचं, मग तो विजेच्या बिलामागं लिहिलेला का असेना. लहानपणी इतिहासाच्या पुस्तकात राजवाड्यांचं नाव वाचलं होतं. त्यांनी गावोगावच्या घरांतनं रुमाल शोधून कागद गोळा केले, 1898 साली मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला, 1910 ला पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं. ते कागद टिकले, कारण कुठल्यातरी घरात माळ्यावरचं गाठोडं कुणी टाकलं नाही. डालड्याच्या डब्यानंतर मला त्याचा अर्थ लागला.

मध्येच एकदा नानीला पुण्यात दवाखान्यात न्यायचं होतं. येताना शुक्रवार पेठेत राजा केळकर संग्रहालयात नेलं. दिनकर केळकरांनी लहान वयात गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं ते उभारलं. अडकित्ते, दिवे, भांडी, दारं, खेळणी, वीस हजारांच्या वर वस्तू, आणि 1975 साली सगळं महाराष्ट्र सरकारला देऊन टाकलं. नानी काचेपुढं उभी राहून एकेक बघत होती. म्हणाली, "आरं, ह्यो अडकित्ता तर आपल्याकडं व्हता. तिकीट काढून बघायचा व्हय?" थोडं पुढं गेल्यावर पुन्हा थांबली. "पण बघ, ह्या माणसानं कसं मांडून ठिवलंय. माझ्यासारखं कोंबलं न्हाई."

त्यानंतर काम भराभर उरकलं. जातं नातीनं नेलं. पितळेचे डबे तीन लेकी-सुनांत वाटले. पाभर आणि चाडं शाळेतल्या मास्तरांना दिलं, पोरांना दाखवायला. मिलोचं बारदान तिनं स्वतःच्या हातानं कापलं, निम्मं आम्हाला दाखवून उकिरड्यावर टाकलं आणि निम्मं ट्रंकेत ठेवलं. दुधाच्या पिशव्यांसाठी भाचीनं दर महिन्याला घेऊन जाणारा माणूस ठरवून दिला. त्याला पिशव्या मोजून दिल्या की तो पैसे द्यायचा. पिशवीला पायरी सापडली, तशी नानी लपवायची थांबली.

जुनं घर 2019 च्या उन्हाळ्यात पाडलं. तेव्हा नानी समोर खुर्ची टाकून बसली होती. पुढं दोन वर्षांनी ती गेली. तिच्या खोलीत एक ट्रंक, दोन लुगडी, अर्धं बारदान आणि 32 म ची नक्कल, एवढंच निघालं. आवरायला पाव तासही लागला नाही.

आता तिथं आठ खोल्या आहेत. भाडेकरू पोरं खोली सोडतात तेव्हा गादी, टेबलपंखा, बादली मागं टाकून जातात, आणि ते उचलून मी माझ्या गोठ्यामागं ठेवतो. तिथं जळालेल्या दोन मोटारी, ठिबकच्या जुन्या नळ्यांची वेटोळी आणि पाच बंद मोबाइलही आहेत. परवा सूनबाई म्हणाली, "मामंजी, तिकडचं काढायचं का? तुम्ही बसा, मी एकेक दाखवते." मी तिला घट बसायच्या आतला वायदा दिलाय.