स्वयंरोजगारी आरोग्य व्यावसायिक आणि आरोग्य विमा

आरोग्य सेवेच्या क्षेत्रात स्वतंत्रपणे काम करणाऱ्यांची संख्या भारतात मोठी आहे. गल्लीतील कुटुंब-डॉक्टर, दंतवैद्य, फिजिओथेरपिस्ट, घरोघरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका, रक्त-लघवी तपासणीची छोटी प्रयोगशाळा चालवणारे तंत्रज्ञ, तसेच अनेक रुग्णालयांत फेरीवर जाणारे विशेषज्ञ हे सर्व या वर्गात मोडतात. इतरांच्या आजारपणाचा खर्च त्यांना रोज डोळ्यांसमोर दिसतो. स्वतःच्या आजारपणाची तरतूद मात्र त्यांना स्वतःलाच करावी लागते, कारण त्यांच्यासाठी ती करणारा मालक नसतो.

कोणतेही छत्र आपोआप मिळत नाही

नोकरदारांना मिळणाऱ्या सोयी या वर्गाला लागू होत नाहीत. कर्मचारी राज्य विमा योजना ठरावीक मर्यादेपर्यंत वेतन असलेल्या कामगारांसाठी आहे. केंद्र सरकारची आरोग्य योजना सरकारी कर्मचारी व निवृत्तिवेतनधारकांसाठी आहे. खासगी रुग्णालये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी समूह विमा घेतात, परंतु व्यावसायिक शुल्क घेऊन काम करणारा मानसेवी विशेषज्ञ हा कायद्याने कर्मचारी नसतो. वर्षानुवर्षे एकाच रुग्णालयात काम केल्यामुळे आपणही त्या विम्यात आहोत, असा समज अनेकांचा असतो. तो लेखी खात्री करून घेतल्याशिवाय धरून चालणे धोक्याचे आहे.

कोविड-१९ च्या साथीत या प्रश्नाचे गांभीर्य समोर आले. केंद्र सरकारने ३० मार्च २०२० पासून आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाख रुपयांची विमा योजना लागू केली. तिचा लाभ सरकारी सेवेतील कर्मचाऱ्यांना आणि सरकारने कामासाठी पाचारण केलेल्या खासगी कर्मचाऱ्यांना होता. नवी मुंबईत स्वतःचा दवाखाना चालवणाऱ्या एका डॉक्टरांचा २०२० मध्ये कोविडने मृत्यू झाला, तेव्हा त्यांना पाचारण केले नव्हते या कारणाने कुटुंबाचा दावा नाकारण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तो नकार कायम ठेवला. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, त्या काळातील आदेश व परिस्थिती पाहता खासगी डॉक्टरांच्या सेवा पाचारण केल्या गेल्याच होत्या, असा निर्णय दिला. प्रत्येक दावा मात्र पुराव्यावरच ठरेल, असेही स्पष्ट केले. साडेपाच वर्षांच्या या प्रतीक्षेतून निघणारा धडा साधा आहे. सरकारी योजना ही आधार ठरू शकते, पण स्वतःच्या विम्याला पर्याय ठरत नाही.

कोणता विमा कशासाठी

आरोग्य व्यावसायिकांच्या बाबतीत एक गल्लत वारंवार आढळते. वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. त्यानंतर व्यावसायिक दायित्व विमा घेण्याची प्रथा डॉक्टरांमध्ये रूढ झाली. हा विमा रुग्णाने केलेल्या नुकसानभरपाईच्या दाव्यासाठी असतो. डॉक्टर स्वतः आजारी पडल्यास त्यातून एक रुपयाही मिळत नाही.

स्वतःसाठी चार प्रकारचे विमे विचारात घेतले जातात. रुग्णालयातील उपचारांचा प्रत्यक्ष खर्च भरून देणारा विमा हा पाया होय. सार्वजनिक क्षेत्रातील विमा कंपन्यांनी १९८६ मध्ये आणलेल्या मेडिक्लेमपासून हा प्रकार परिचित आहे. दुसरा प्रकार गंभीर आजार विम्याचा. कर्करोग, हृदयविकार यांसारख्या ठरावीक आजारांचे निदान झाल्यावर त्यात ठरलेली रक्कम एकरकमी मिळते. तिसरा वैयक्तिक अपघात विमा. हात जायबंदी झालेल्या शल्यविशारदाचे किंवा फिजिओथेरपिस्टचे उत्पन्न त्याच दिवशी थांबते. तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात दर आठवड्याला ठरावीक रक्कम देणारे कलम अशा व्यक्तींनी आवर्जून घ्यावे. चौथा प्रकार रुग्णालयातील प्रत्येक दिवसामागे निश्चित भत्ता देणारा असून, तो पूरक म्हणूनच उपयोगी आहे.

क्षयरोग, सुई टोचल्यामुळे होणारी काविळीची लागण असे धोके या व्यवसायात नेहमीचे आहेत. परंतु अशा आजारांचा बराचसा उपचार रुग्णालयात दाखल न होता चालतो आणि सर्वसाधारण आरोग्य विमा प्रामुख्याने दाखल रुग्णाचाच खर्च देतो. त्यामुळे बाह्यरुग्ण खर्चासाठी वेगळी बचत ठेवणे अथवा तसे कलम असलेला विमा घेणे आवश्यक ठरते.

करारपत्रात काय पाहावे

भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने २०२४ मध्ये आरोग्य विम्याचे नियम बदलले. आधीपासून असलेल्या आजारांसाठीचा प्रतीक्षा कालावधी आता जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा आहे. पूर्वी तो ४८ महिन्यांपर्यंत असे. ६५ वर्षांवरील व्यक्तींनाही नवा विमा घेण्याचा मार्ग खुला झाला आहे. नव्या विम्यात अपघात वगळता पहिले ३० दिवस दावा करता येत नाही. मोतीबिंदू, हर्निया, सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया यांसारख्या ठरावीक उपचारांना स्वतंत्र प्रतीक्षा असते. हे कालावधी कंपनीगणिक बदलतात, म्हणून तुलना केवळ हप्त्याची न करता त्यांचीही करावी.

खोलीभाड्याची मर्यादा हा सर्वाधिक दुर्लक्षित मुद्दा आहे. समजा, करारात दिवसाला ५,००० रुपये भाड्याची मर्यादा आहे आणि रुग्णाने ८,००० रुपयांची खोली घेतली. अशा वेळी केवळ भाड्यातील फरक भरून सुटका होत नाही. डॉक्टरांचे शुल्क, शस्त्रक्रियागृहाचा आकार असे खोलीशी निगडित खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे आठास पाच या हिशेबाने, कमी केले जाऊ शकतात. हे खर्च १,६०,००० रुपये असल्यास १,००,००० रुपयेच मंजूर होतात. औषधे, तपासण्या आणि शरीरात बसवावयाची साधने यांना ही कपात लागू होत नाही.

आरोग्य व्यावसायिकांनी आणखी एक कलम बारकाईने वाचावे. अनेक करारांत उपचार करणारा डॉक्टर हा स्वतः विमाधारक किंवा त्याचा निकटचा नातेवाईक नसावा, अशी अट असते. पती-पत्नी दोघेही डॉक्टर असलेल्या आणि स्वतःचे छोटे रुग्णालय चालवणाऱ्या घरात या अटीमुळे दावा अडू शकतो. त्याचप्रमाणे रुग्णालयाची नोंदणी नसल्यास त्यातील खाटांची संख्या पाहिली जाते. दहा लाखांहून कमी लोकसंख्येच्या गावात किमान १० आणि इतरत्र किमान १५ खाटा असाव्यात, ही प्रमाणित व्याख्या आहे.

माहिती लपवण्याचे परिणाम

प्रस्तावपत्रात रक्तदाब, मधुमेह, जुन्या शस्त्रक्रिया यांची नोंद खरी आणि पूर्ण असावी. सामान्य माणूस एखाद्या आजाराबाबत अनभिज्ञतेचे कारण सांगू शकतो. डॉक्टर किंवा परिचारिकेला तो बचाव फारसा उपयोगी पडत नाही. स्वतःच औषध सुरू करून कोठेही नोंद न ठेवण्याची सवय या व्यवसायात आहे. तपासणीचे कागद जपून ठेवणे दाव्याच्या वेळी हिताचे ठरते.

विमा सलग ६० महिने चालू राहिल्यानंतर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती न दिल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. २०२४ पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. विम्यात खंड पडू न देण्याचे हे महत्त्वाचे कारण आहे. वार्षिक हप्त्यासाठी ३० दिवसांची आणि मासिक हप्त्यासाठी १५ दिवसांची सवलत मुदत मिळते. करारपत्र हाती आल्यावर ते पसंत नसल्यास ३० दिवसांत परत करता येते.

हप्ता कसा परवडावा

नव्याने दवाखाना थाटणाऱ्यावर कर्जाचे, जागेच्या भाड्याचे आणि यंत्रसामग्रीचे ओझे असते. अशा वेळी मोठा हप्ता जड जातो. यावर पुढील मार्ग उपलब्ध आहेत.

पहिला मार्ग प्रमाणित योजनेचा. १ एप्रिल २०२० पासून सुरू झालेली आरोग्य संजीवनी योजना सर्व कंपन्यांकडे समान अटींवर मिळते. हप्ता तेवढा कंपनीनुसार वेगळा असतो, त्यामुळे तुलना सोपी होते. प्रत्येक मंजूर दाव्याचे ५ टक्के विमाधारकाला सोसावे लागतात. दावा नसलेल्या प्रत्येक वर्षामागे विमा रकमेत ५ टक्के वाढ होते आणि ही वाढ ५० टक्क्यांपर्यंत जाते.

दुसरा मार्ग पूरक विम्याचा. पाच लाखांचा मूळ विमा आणि पाच लाखांवरील खर्चासाठी सुपर टॉप-अप, ही जोडी एकाच मोठ्या रकमेच्या विम्यापेक्षा सहसा स्वस्त पडते. साधा टॉप-अप आणि सुपर टॉप-अप यांतील भेद येथे ध्यानात घ्यावा. एका वर्षात चार-चार लाखांची दोन आजारपणे आली, तर एकूण खर्च आठ लाख होतो. मूळ विम्यातून पाच लाख मिळतात. सुपर टॉप-अप वर्षाचा एकूण खर्च विचारात घेत असल्याने उरलेले तीन लाख देतो. साधा टॉप-अप प्रत्येक आजारपण वेगळे मोजतो. एकही बिल पाच लाखांवर गेले नसल्यामुळे तो काहीच देत नाही.

तिसरा मार्ग हप्ता विभागून भरण्याचा. बहुतेक कंपन्या मासिक अथवा तिमाही हप्ते स्वीकारतात. पावसाळ्यात भरणारा आणि सुटीत रिकामा राहणारा दवाखाना असेल, तर उत्पन्नाचा ओघ पाहून ही रचना निवडावी. व्यावसायिक संघटनांच्या समूह योजनाही स्वस्त पडू शकतात. मात्र सदस्यत्व संपल्यावर अथवा करार बदलल्यावर छत्र टिकेल काय, हे आधी विचारावे.

कर आणि सवलती

वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे. २०,००० रुपयांच्या मूळ हप्त्यावर पूर्वी ३,६०० रुपये कर द्यावा लागे. तथापि नूतनीकरणाच्या वेळी मूळ हप्ताच वाढला आहे काय, हे पाहावे.

आयकराची वजावट, जी कलम ८० ड या नावाने परिचित आहे, फक्त जुन्या करपद्धतीत मिळते. स्वतः, जोडीदार आणि मुलांसाठी २५,००० रुपयांपर्यंत आणि आई-वडिलांसाठी आणखी २५,००० रुपयांपर्यंतचा हप्ता तीत धरला जातो. आई-वडील ज्येष्ठ नागरिक असल्यास त्यांच्यासाठीची मर्यादा ५०,००० रुपये आहे. हप्ता रोखीने भरल्यास ही वजावट मिळत नाही. दवाखान्यातील रोख जमेतून हप्ता भरणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्याला पगारदाराप्रमाणे दरवर्षी करपद्धत बदलता येत नाही. एकदा जुनी पद्धत स्वीकारून नव्या पद्धतीत परतल्यावर व्यवसाय चालू असेपर्यंत पुन्हा मागे जाता येत नाही. म्हणून केवळ विम्याच्या वजावटीसाठी हा निर्णय घेऊ नये.

कुटुंबातील वृद्धांसाठी सरकारी योजनांचा आधार घेता येतो. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील प्रत्येक नागरिकाला, उत्पन्नाची अट न लावता, आयुष्मान भारत योजनेत पाच लाख रुपयांपर्यंतचे वार्षिक छत्र मिळते. ही मर्यादा कुटुंबासाठी असून पात्र ज्येष्ठांनी ती वाटून घ्यावयाची असते. महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि गोव्यात दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहेत. या योजनांचा लाभ नोंदणीकृत रुग्णालयांत आणि ठरलेल्या उपचारांसाठीच मिळतो.

दावा आणि तक्रार

रोकडरहित उपचारांच्या विनंतीवर कंपनीने एका तासात आणि रुग्णाला घरी सोडतेवेळच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यावा, असे प्राधिकरणाचे निर्देश आहेत. कंपनीच्या सेवेबाबत असमाधान असल्यास नूतनीकरणाच्या वेळी दुसऱ्या कंपनीकडे जाता येते. पूर्ण केलेला प्रतीक्षा कालावधी तेथेही जमेस धरला जातो. यासाठी अर्ज नूतनीकरणापूर्वी सुमारे दीड महिना करणे इष्ट.

दावा नाकारला गेल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. एका महिन्यात उत्तर न आल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास विमा लोकपालाकडे दाद मागता येते. लोकपालाची कार्यालये मुंबई व पुण्यासह अनेक शहरांत आहेत. त्यासाठी शुल्क लागत नाही, वकील नेमावा लागत नाही आणि तक्रार कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत करावयाची असते.

विमा निरोगीपणीच घ्यावयाचा असतो, हे आरोग्य व्यावसायिकांना वेगळे सांगण्याची गरज नाही. लसीचे वेळापत्रक ते रुग्णांना जितक्या आग्रहाने सांगतात, तितक्याच आग्रहाने स्वतःच्या विम्याची नूतनीकरणाची तारीख पाळली, तर आजारपणाच्या दिवसांत दवाखाना बंद राहिला तरी घर उघडे पडत नाही.