टर्नर सिंड्रोम आणि मधुमेह: उंचीच्या चिंतेत मागे पडणारी तपासणी

टर्नर सिंड्रोम हा केवळ मुलींमध्ये आढळणारा गुणसूत्रांचा विकार आहे. स्त्रीच्या पेशींत सामान्यतः दोन एक्स गुणसूत्रे असतात. या विकारात त्यांपैकी एक पूर्णतः किंवा अंशतः नसते. जन्माला येणाऱ्या सुमारे २,००० ते २,५०० मुलींमागे एकीला तो असतो. अमेरिकी वैद्यकतज्ज्ञ हेन्री टर्नर यांनी १९३८ मध्ये त्याचे वर्णन केले. गुणसूत्राशी असलेला संबंध १९५९ मध्ये उघड झाला. बहुतेक वेळा तो आईवडिलांकडून वारशाने येत नाही.

मुलीची उंची खुंटते, पाळी सुरू होत नाही, म्हणून पालक डॉक्टरांकडे येतात. पुढील तपासणीत हृदय, मूत्रपिंड, थायरॉइड यांचाही विचार होतो. रक्तातील साखर मात्र अनेकदा नजरेआड राहते. वास्तविक या मुलींना मधुमेहाच्या दोन्ही प्रकारांचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो. डेन्मार्कमधील १९९८ च्या अभ्यासात पहिल्या प्रकाराचा धोका सुमारे अकरा पट, तर दुसऱ्याचा चार पटींहून अधिक आढळला.

हा केवळ लठ्ठपणाचा परिणाम नव्हे. वजन आटोक्यात असलेल्या मुलींमध्येही स्वादुपिंडातील बीटा पेशींकडून गरजेइतके इन्सुलिन स्रवत नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच पेशींवर उलटण्याची प्रवृत्तीही या विकारात अधिक असते. उंचीसाठी दिल्या जाणाऱ्या वाढीच्या संप्रेरकाने इन्सुलिनचा प्रभाव काहीसा मंदावतो. पण उपचार संपल्यावर हा परिणाम बहुधा ओसरतो. त्यामुळे मधुमेहाच्या भीतीने ही इंजेक्शने नाकारणे योग्य नाही, साखरेवर लक्ष ठेवणे पुरेसे.

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार वयाच्या दहाव्या वर्षापासून दरवर्षी एचबीए१सी तपासणी करावी. सोबत उपाशीपोटी रक्तशर्कराही पाहता येते. भारतात ही जोड विशेष उपयोगी ठरते. लोहाच्या कमतरतेमुळे एचबीए१सीचा आकडा वाढलेला दिसू शकतो आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयोगटातील सुमारे ५९ टक्के मुली रक्तक्षयग्रस्त आहेत.

खरी अडचण पुढे येते. अठराव्या वर्षाच्या आसपास बालरोगतज्ज्ञांकडील उपचार संपतात, उंचीचा विषय मिटलेला असतो आणि वार्षिक तपासणीचा क्रम तुटतो. मधुमेहाचा धोका मात्र वयासोबत वाढतच जातो. म्हणून बालरुग्ण विभागातून निरोप घेतानाच प्रौढांच्या संप्रेरकतज्ज्ञाची वेळ आणि पुढील रक्ततपासणीची तारीख ठरवून घेणे आवश्यक असते.