चार वर्षांची मुदत आणि सिडनहॅमची नोकरी

पदवी हातात पडली की आपल्या घरात एकच प्रश्न असतो : नोकरी कधी? आणि पुढे शिकू इच्छिणाऱ्या पोरांना वाटते, मधल्या नोकरीत वर्षे वाया जातील. दोघांनीही बाबासाहेबांची १९१७ ते १९२० ही वर्षे नीट पाहावीत.

१९१७ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली. लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून बाबासाहेबांना परतावे लागले. पण निघण्यापूर्वी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत अभ्यास पुन्हा सुरू करण्याची परवानगी घेतली होती. खरी गोम इथे आहे. नोकरीला लागण्याआधीच परतीची तारीख ठरलेली होती.

करारानुसार बडोद्याची नोकरी पत्करली. तिथे शिपाई फायली लांबून फेकत आणि राहायला जागा मिळेना. पारशी सराईतून तर लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने हुसकावले. मुंबईत शिकवण्या केल्या, गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय काढला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके आटली. ‘गुणवत्ता असेल तर बाजार जात पाहत नाही’ म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची तात्पुरती जागा मिळाली, पगार ४५० रुपये. पाण्याच्या भांड्यावरून तिथेही सहकाऱ्यांनी कुरकुर केलीच. तरी या नोकरीचे मोल पगारापेक्षा मोठे होते. ज्या विषयात लंडनला प्रबंध लिहायचा, तोच विषय रोज वर्गात शिकवायचा होता. शिवाय पैसा साठत होता, कारण रमाईंनी घर थोडक्यात भागवले. (त्यांचा वाटा आपण नेहमी एका वाक्यात उरकतो, मीही तेच केले.)

याच काळात साऊथबरो समितीपुढे साक्ष झाली, ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ निघाला. सरकारी कॉलेजातली नोकरी असल्यामुळे संपादक म्हणून नाव पांडुरंग भटकरांचे होते. नोकरीमुळे चळवळ करता येत नाही, ही सबब मला म्हणून पटत नाही.

४५० रुपये तेव्हा थोडके नव्हते. घर मोठे होते, सिडनहॅममध्येच राहायचे म्हटले असते तरी कोणी दोष दिला नसता. पण १९२० मध्ये त्यांनी राजीनामा दिला. साठवलेली रक्कम, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेनांकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज एवढ्या बळावर ते जुलैत लंडनला निघाले. चार वर्षांची मुदत संपायला तेव्हा वर्षाहून अधिक काळ बाकी होता.