औषधाच्या बाटलीवरचा लाल त्रिकोण

कपाशीवर मारायचं विष आणायला गेलेला माणूस कृषी केंद्रात ‘विष द्या’ म्हणत नाही, ‘औषध द्या’ म्हणतो. त्या बाटलीवर कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन असतो. वरच्या अर्ध्यात इशारा, खालच्या अर्ध्यात रंग. खालचा अर्धा तेवढा नजरेत भरतो, म्हणून लोक त्याला त्रिकोणच म्हणतात.

त्याची कुळकथा समुद्रावर सुरू होते. 1958 मध्ये केरळला जाणाऱ्या जहाजात पॅराथिऑन हे जहाल कीटकनाशक आणि पिठाची पोती शेजारी शेजारी भरली होती. विष गळलं, पिठात मुरलं. ते खाऊन शंभरावर माणसं दगावली. चौकशी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शहा यांच्याकडे आली. 1968 मध्ये कीटकनाशक कायदा झाला आणि 1971 च्या नियमांनी हा चौकोन सक्तीचा केला. आकारही ठरवून दिला: लेबलाच्या किमान सोळाव्या हिश्श्याएवढा.

रंगामागे हिशोब आहे. शरीराच्या दर किलोमागे किती मिलिग्रॅम विष पोटात गेलं की प्रयोगातले निम्मे प्राणी मरतात, ते पाहायचं. 50 पर्यंत लाल, 500 पर्यंत पिवळा, 5000 पर्यंत निळा, त्यापुढे हिरवा. कवटी आणि हाडं फक्त लालला. पिवळ्यावर ‘विष’ हा शब्द असतो, चित्र नाही. ज्याला अक्षर येत नाही त्याच्यासाठी पिवळा मुकाच, आणि हे मला फार खटकतं. हिरव्याची गत आणखी वाईट. शेतकऱ्याच्या डोळ्याला हिरवं म्हणजे चांगलं पीक.

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. बाटल्यांवर त्रिकोण होतेच. पण मजूर बाटली क्वचितच हातात घेतो. मालक बादलीत दोन-तीन औषधं एकत्र ओततो, काडीनं ढवळतो. त्या मिश्रणाचा रंग कोणत्याच नियमात नाही. बाटल्या बांधावर राहतात, घडी न मोडलेलं माहितीपत्रकही तिथंच. मजूर पंप पाठीला लावतो आणि डोक्याएवढ्या कपाशीत शिरतो. झाकणातून गळलेलं पाणी सदऱ्यातून पाठीवर उतरत जातं, आणि पंपावर त्रिकोण नसतो.