मौन आणि संमती : ग्रामसभेच्या संवादरूपाचा इतिहास

‘मौन हे संमतीचे लक्षण’ हे वचन व्यवहारात इतके रुळले आहे की त्यातील सत्तासंबंध सहसा जाणवत नाहीत. ग्रामसभेकडे एक संवादरूप म्हणून पाहू लागताच मात्र नेमके हेच वचन तपासावे लागते.

ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुका १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार संपूर्णपणे, तर मुरबाड तालुका काही गावांपुरता अनुसूचित क्षेत्रात मोडतो. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने ग्रामसभेला वैधानिक स्थान दिले. परंतु गावठाणातील बोलक्यांसमोर दूरच्या पाड्यांवरील ठाकूर-कातकरी श्रोतेच उरण्याचा धोका त्या रचनेत होता. १९९६ च्या ‘पेसा’ कायद्याने वस्ती वा पाडा यालाही ‘गाव’ होण्याची वाट मोकळी केली. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले. वरवर प्रशासकीय भासणारा हा बदल मूलतः संवादाच्या परिमाणातील बदल आहे.

हाबरमास यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या ‘सार्वजनिक क्षेत्रा’च्या संकल्पनेवर नॅन्सी फ्रेझर यांनी १९९० मध्ये घेतलेला आक्षेप येथे उपयुक्त ठरतो : विषमता बाजूला ठेवल्याचे मानल्याने ती नाहीशी होत नाही. वनहक्क नियमांतील २०१२ च्या दुरुस्तीने ग्रामसभेसाठी निम्म्या सदस्यांची गणपूर्ती आणि उपस्थितांत किमान एक-तृतीयांश स्त्रिया आवश्यक ठरवल्या. तरतूद मोलाची खरी. पण गणपूर्ती उपस्थिती मोजते, उच्चार नव्हे.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने या पेचातून वेगळी वाट काढली. तेथे अभ्यासगटात चर्चा होते आणि निर्णय ग्रामसभा सर्वसहमतीने घेते. विचार आणि निर्णय यांच्यात असे अंतर राखल्यामुळे शंका घेणे म्हणजे विरोध करणे, हे समीकरण सैल होते. बहुमत विरोधकाला हरवते. सर्वसहमतीला त्याचे ऐकून घेणे भाग पडते.

तथापि सर्वसहमतीचीही एक संहिता असते, आणि ती इतिवृत्तात लिहिली जाते. ‘सर्वानुमते मंजूर’ या परिचित शब्दबंधाला कर्ता नाही. कोणी काय म्हटले, कोणत्या बोलीत म्हटले, कोण गप्प राहिले, याचा माग प्रमाणभाषेच्या त्या दोन शब्दांत पुसला जातो. पाड्याला सभा मिळाली, तरी कातकरी बोलीतील हरकत नोंदवहीपर्यंत पोहोचली नाही, तर जुने मौनच नव्या संमतीच्या नावाने नोंदले जाईल. म्हणून सभेच्या निकोपपणाची कसोटी मंजूर ठरावांच्या संख्येत शोधता येत नाही. ती नोंदल्या गेलेल्या हरकतींत शोधावी लागते.