पोलिसांचा दायित्व विमा : अमेरिकेतील एक प्रलंबित प्रश्न

पोलीस अधिकाऱ्याने बळाचा गैरवापर केल्यास पीडिताला भरपाई कोणी द्यावी, हा प्रश्न अमेरिकेत दीर्घकाळ चर्चेत आहे. भारतात पोलीस हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे. अमेरिकेत मात्र बहुसंख्य पोलीस शहर किंवा काउंटी यांच्या सेवेत असतात. स्थानिक संस्थांना पोलिसांसाठी दायित्व विमा सक्तीचा करावा, ही मागणी त्यातूनच पुढे आली आहे.

१८७१ च्या नागरी हक्क कायद्यान्वये नागरिकाला अधिकाऱ्याविरुद्ध दावा दाखल करता येतो. १९७८ मध्ये मोनेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शहरांनाही या कायद्याच्या कक्षेत आणले. मात्र संबंधित कृत्य शहराच्या धोरणातून वा रूढ प्रथेतून घडलेले असले पाहिजे, अशी अट घातली. प्रत्यक्षात दावा अधिकाऱ्यावर असला तरी पैसे भरते ती स्थानिक संस्थाच. कायद्याच्या अभ्यासक जोआना श्वार्ट्झ यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, भरपाईच्या एकूण रकमेत अधिकाऱ्यांच्या खिशातून आलेला वाटा अवघा ०.०२ टक्के होता.

लहान गावे हा धोका विमा कंपनीकडे किंवा अनेक गावांच्या सामाईक विमा निधीकडे सोपवतात. दावे वाढले की हप्ता वाढतो. मग विमादार संस्थाच प्रशिक्षण, वाहनांचा पाठलाग आणि बळाचा वापर यांविषयीचे नियम कडक करावयास सांगते. विम्याचा खरा उपयोग येथे दिसतो. भरपाई देणे हे त्याचे केवळ अर्धे काम होय. कॅलिफोर्नियातील मेवुड या छोट्या शहराचा विमा २०१० मध्ये रद्द झाला, तेव्हा शहराने आपले पोलीस दलच विसर्जित केले आणि बंदोबस्त लॉस एंजेलिस काउंटीच्या शेरीफकडे सोपवला.

मोठ्या शहरांवर असा अंकुश राहत नाही, कारण त्यांतील अनेक शहरे विमा न घेता भरपाई स्वतःच्या निधीतून देतात. मिनियापोलिस शहराने जॉर्ज फ्लॉइड यांच्या कुटुंबीयांना मार्च २०२१ मध्ये २ कोटी ७० लाख डॉलर देण्याचे मान्य केले. त्याच शहरात २०१६ मध्ये, प्रत्येक पोलिसाने स्वतःचा विमा काढावा, मूळ हप्ता शहराने भरावा आणि गैरवर्तनामुळे वाढलेला हप्ता पोलिसाने सोसावा, असा प्रस्ताव नागरिकांनी मतदानासाठी पुढे आणला होता. तथापि, पोलिसांचा बचाव व भरपाई यांचा भार शहरावर टाकणाऱ्या राज्याच्या कायद्याशी तो विसंगत असल्याने मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मतपत्रिकेबाहेर ठेवला.

सक्तीला आक्षेपही आहेत. हप्ता अखेर करदात्यांच्याच पैशातून जाणार असेल, तर अंदाजपत्रकात केवळ एका रकान्याची भर पडेल, असे टीकाकारांचे म्हणणे असून ते सहज फेटाळता येण्याजोगे नाही. कोलोरॅडो राज्याने २०२० मध्ये निराळा मार्ग निवडला. अधिकारी सद्भावनेने वागला नाही, असे त्याच्या वरिष्ठ यंत्रणेने ठरविल्यास भरपाईच्या ५ टक्के अथवा २५ हजार डॉलर, यांपैकी कमी असेल ती रक्कम त्याला स्वतः भरावी लागते.